विषाचा थेंब आणि गालाची कळ

समुद्रमंथनाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. अमृताच्या आशेने सागर घुसळला, आणि अमृताच्या आधी वर आले ते हलाहल. देव आणि दानव दोघेही भयभीत होऊन मागे सरले, तेव्हा शंकराने ते विष प्राशन केले. परंतु त्याने ते पोटात उतरू दिले नाही, कंठातच रोखून धरले, आणि म्हणून तो नीलकंठ झाला. या कथेचे आध्यात्मिक मर्म उलगडण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि तीतून एक व्यावहारिक बोध सहज निघतो, तो असा की, विषाचे विषपण ते किती आहे आणि कोठे रोखून धरले आहे यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात अशाच एका विषाची हकीकत सांगावयाची आहे. मानवास ज्ञात असलेल्या विषांत ते अत्यंत तीव्र गणले जाते. आणि तरीही आज ते बारीक सुईने रोग्याच्या गालात टोचतात, ते त्याची असह्य वेदना शमावी म्हणून.

ज्या वेदनेचा येथे विचार करावयाचा तिचे वैद्यकीय नाव 'ट्रायजेमिनल न्यूराल्जिया' असे आहे. आपल्या मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील पाचवी जोडी चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे पोहोचविते. उजव्या व डाव्या बाजूस एकेक असलेला हा तंतू तीन शाखांत विभागतो, म्हणून आपण त्यास त्रिशाखी तंतू म्हणू. पहिली शाखा कपाळ व डोळा यांची. दुसरी गाल, वरचा ओठ व वरचे दात यांची. तिसरी खालचा जबडा व खालचे दात यांची. पहाटेच्या वाऱ्याची झुळूक, गालावर बसलेली माशी, चहाचा चटका, हे सारे आपणांस कळते ते याच तंतूमुळे. चेहरा हलविणारा, म्हणजे हसविणारा आणि डोळे मिटविणारा तंतू निराळा, तो सातवा. तोंड वाकडे होते ते या सातव्याच्या दुखण्याने, आणि आपण बोलत आहोत ती कळ पाचव्याची, हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

हा पाचवा तंतू बिघडला म्हणजे काय होते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. गालातून वा जबड्यातून विजेचा लोळ जावा तशी कळ उठते. ती क्षणभर टिकते, फार तर दोन मिनिटे. आणि जशी आली तशी नाहीशी होते. परंतु ती पुन्हा येते, कधी दिवसातून शंभर वेळा येते. तिला निमित्तही मोठे लागत नाही. दात घासणे, तोंडावर पाणी मारणे, दाढी करणे, घास चावणे, दोन शब्द बोलणे, नुसता वारा लागणे, एवढे पुरते. त्यामुळे रोगी जेवण टाळू लागतो, बोलणे टाळू लागतो, उन्हाळ्यातही पंख्याकडे पाठ करून बसतो. बहुधा हा रोग पन्नाशीनंतर होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूस होतो. निरनिराळ्या देशांतील पाहणींनुसार दरवर्षी एक लाख लोकांमागे सुमारे ४ ते १३ जणांस तो नव्याने जडतो. म्हणजे रोग विरळा खरा, परंतु मोठ्या गावात एखाद-दुसऱ्या घरी तो असावयाचाच.

येथे वैद्यकाहून भाषेचाच प्रश्न आधी उभा राहतो, आणि भाषा हा आमचा विषय असल्याने त्यावर दोन शब्द लिहिण्याची मोकळीक आम्ही घेतो. आपल्या मराठीत वेदनेला किती नावे आहेत पाहा. ठणका निराळा, कळ निराळी, चमक निराळी. आग होणे निराळे आणि बधिर होणे निराळे. किडलेली दाढ ठणकते. तिचे दुखणे रात्रभर चालते, थंड-गरम पदार्थांनी वाढते. त्रिशाखी तंतूची वेदना चमकते, आणि दोन चमकांच्या मध्ये बहुधा काहीच दुखत नाही. या रोगाचे निदान मुख्यत्वे रोग्याच्या सांगण्यावरूनच होते. परंतु आपण काय करतो? प्रत्येक वेदनेला 'दुखते' एवढे एकच नाव देतो. परिणाम असा होतो की वेदना दातांच्या जागी उठत असल्याने रोगी दंतवैद्याकडे जातो आणि कित्येकदा निरोगी दात उपटले जाऊनही कळ होती तेथेच राहते. घरातील आजी गालाला हात लावून बसली असेल, तर "आजी, ठणकते की चमकते? सारखे दुखते की मधून मधून? कशाचा स्पर्श झाला की येते?" असे विचारणारा नातू तिच्या फार उपयोगी पडेल.

या रोगाची नोंद जुनी आहे. निकोला आन्द्रे या फ्रेंच शल्यवैद्याने १७५६ मध्ये आणि जॉन फॉदरगिल या इंग्लिश वैद्याने १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे विसाव्या शतकात त्याचे कारणही पुष्कळसे उलगडले. हा तंतू मेंदूच्या बुंध्याशी जेथे निघतो तेथे एखादी धमनी वळण घेऊन त्यास टेकलेली असते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती त्यावर आघात करते. विजेच्या तारेवर जसे रबराचे आवरण, तसे मज्जातंतूवर मायलिन नावाचे वेष्टन असते. सततच्या आघाताने ते झिजते, आणि उघड्या पडलेल्या तारा जवळ आल्या की ठिणगी उडावी, तसा साधा स्पर्शही वेदनेचा भडका उडवितो. सर्वच रोग्यांत कारण हेच नसते. काहींत मेंदूतील गाठ किंवा मज्जासंस्थेचा दुसरा रोग मुळाशी असतो. म्हणून मेंदूचे एमआरआय चित्र घेणे अगत्याचे ठरते.

उपचारांचा राजमार्ग दोन पदरी आहे. पहिला औषधाचा. १९६२ मध्ये कार्बामाझेपिन हे औषध या वेदनेवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि आजही प्रथम त्याचीच किंवा त्याच्या भावंडाची योजना करतात. दुसरा शस्त्रक्रियेचा. पीटर जॅनेटा या अमेरिकन शल्यवैद्याने १९६० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने ती धमनी तंतूपासून अलग करून मध्ये मऊ गादी ठेवण्याची रीत पुढे आणली. दोन्ही मार्गांनी असंख्य रोगी सुखी झाले आहेत. परंतु त्या औषधाने कोणास झापड येते, तोल जातो, रक्तातील सोडियम उतरते, तर क्वचित कोणाच्या त्वचेवर प्राणसंकट ओढवणारा विकार उठतो. शस्त्रक्रियेसाठी कवटी उघडावी लागते. अतिवृद्ध वा दुबळ्या रोग्यास ती झेपतेच असे नाही. ज्यांना औषध सोसत नाही आणि शस्त्रक्रियाही करता येत नाही, अशा माणसांनी काय करावे? त्यांच्यासाठी जो एक मार्ग अलीकडे दिसू लागला, तो आपल्या या विषाचा.

या विषाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांतात सॉसेज खाऊन लोक मरू लागले. सॉसेज म्हणजे आतड्यात भरलेले मांस. गोव्यात ज्यास चोरीस म्हणतात त्याच जातीचा पदार्थ. युस्टिनुस केर्नर नावाचा तरुण वैद्य या मृत्यूंच्या मागे लागला. हा केर्नर नामांकित कवीही होता. त्याने १८२२ मध्ये १५५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दृष्टी दुहेरी होते, पापण्या झुकतात, तोंड कोरडे पडते, घास गिळवत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. मात्र बुद्धी अखेरपर्यंत जागी राहते. त्याने ते विष वेगळे काढण्याचा यत्न केला आणि अल्प प्रमाणात स्वतः चाखूनही पाहिले. (वाचकहो, हे अनुकरणीय नव्हे!) परंतु या कविवृत्तीच्या वैद्याने एक दूरचे बोलून ठेवले. जे विष मज्जातंतूंचे काम बंद पाडते, तेच अगदी थोड्या मात्रेत दिले तर अतिरेकाने काम करणाऱ्या मज्जातंतूंना शांत करू शकेल, असा तो तर्क होता. तो खरा ठरावयास दीडशे वर्षे लागली.

पुढील धागा बेल्जियममध्ये सापडतो. १८९५ च्या डिसेंबरात एलझेल या खेड्यात एका अंत्ययात्रेस वाद्ये वाजविण्यासाठी आलेल्या मंडळींनी खारविलेल्या डुकराचे मांस खाल्ले. चौतीस वादकांपैकी कित्येक आजारी पडले आणि तिघे दगावले. गेंटच्या विद्यापीठातील एमिल व्हान एर्मेंगेम याने त्या मांसातून एक जंतू शोधून काढला. सॉसेजला लॅटिनमध्ये 'बोट्युलस' म्हणतात. त्यावरून जंतूला आणि विषाला बोट्युलिनम हे नाव मिळाले. हवा नसलेल्या जागी, म्हणजे नीट न शिजविता बंद केलेल्या डब्यात वा मांसाच्या गाभ्यात, हा जंतू वाढतो. पुरेसे मीठ व आंबटपणा असेल तेथे त्याची वाढ खुंटते. लोणच्यात मीठ व आंबट सढळ हाताने घालणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना जंतूचे नाव ठाऊक नसले तरी व्यवहार ठाऊक होता.

आता हे विष करते तरी काय? मज्जातंतू आणि स्नायू यांच्यात किंचित अंतर असते. तंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात व त्यांत रासायनिक निरोप भरलेला असतो. पिशवी टोकाच्या भिंतीला भिडते, फुटते, निरोप पलीकडे पोहोचतो आणि स्नायू आवळतो. मांडवीवरील फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. बोट धक्क्यास लागते, दोर बांधला जातो, आणि मगच माणसे उतरतात. दोरच कापला तर बोट पाण्यातच डुलत राहील आणि माणसे बोटीतच राहतील. पिशवीला भिंतीशी जखडणारा जो दोर, तो 'स्नॅप-२५' नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि 'अ' जातीचे बोट्युलिनम विष नेमका तोच कापते. तंतू मरत नाही, जखमीही होत नाही. केवळ मुका होतो. काही महिन्यांनी तो नवा दोर वळतो आणि वाहतूक पुन्हा सुरू होते. पिशव्यांची ही ने-आण कशी चालते हे उलगडल्याबद्दल २०१३ मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाची शक्ती किती? प्राण्यांवरील प्रयोगांवरून बांधलेला अंदाज असा की रक्तात गेल्यास एका ग्रॅमच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतके विष प्रौढ माणसाचा प्राण घेऊ शकते. साहजिकच युद्धखोरांचे लक्ष त्याकडे गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील फोर्ट डेट्रिक येथे त्यावर काम चालले, आणि तेथेच एडवर्ड शांट्झ हा शास्त्रज्ञ ते शुद्ध करण्याच्या विद्येत पारंगत झाला. १९६९ मध्ये अमेरिकेने जैविक शस्त्रांचा नाद सोडला. शांट्झने ते शुद्ध विष सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रवैद्यास पुरविले होते. तिरळ्या डोळ्याचा जो स्नायू अधिक ओढतो, त्यास शस्त्रावाचून ढिला करावा अशी स्कॉटची इच्छा होती. त्याचे माकडांवरील प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९७७ मध्ये त्याने पहिल्यांदा माणसाच्या डोळ्याच्या स्नायूत ते टोचले. १९८९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने तिरळेपणा व पापण्यांचा आचका यांसाठी त्यास संमती दिली. शत्रूसाठी शुद्ध केलेले विष अशा रीतीने मुलांच्या डोळ्यांच्या कामी आले.

सुरकुत्या घालविणारे 'बोटॉक्स' ते हेच. वृत्तपत्रांनी त्याची ही बाजूच अधिक गाजविली. परंतु वेदनेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच घडली. मान पिळवटणाऱ्या रोगात हे औषध दिले असता स्नायू ढिला होण्याच्या प्रमाणाहून अधिक वेदना कमी झाल्याचे वैद्यांच्या ध्यानात आले. सुरकुत्यांसाठी ते घेणारे काही जण आपली अर्धशिशी थांबल्याचे सांगू लागले. वेदना वाहणाऱ्या तंतूंच्या टोकांशीही निरोपाच्या पिशव्या असतात, आणि तेथेही हे विष तोच दोर कापते. वेदनेची ठिणगी पसरविणारी द्रव्ये बाहेर पडत नाहीत. उंदरांवरील प्रयोगांत तर त्याचा अंश तंतूतून मागे मेंदूच्या दिशेने जात असल्याचेही दिसले आहे. २०१० मध्ये जुनाट अर्धशिशीसाठी त्यास अमेरिकेत संमती मिळाली. त्रिशाखी तंतूच्या वेदनेवरील पहिले अनुभव २००२ च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागले.

परंतु चार रोग्यांना बरे वाटले म्हणजे औषध सिद्ध झाले असे शास्त्र मानीत नाही, आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. हा रोग मधून मधून आपोआपच ओसरतो. शिवाय सुई टोचली या विश्वासानेही काहींना उतार पडतो. म्हणून चीनमधील वैद्यांनी केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटास ७५ एकक औषध दिले, दुसऱ्यास निव्वळ मिठाचे पाणी. आणि कोणास काय दिले हे ना रोग्यास ठाऊक, ना तपासणाऱ्या वैद्यास. बारा आठवड्यांनंतर औषधाच्या गटातील २२ पैकी १५ जणांची वेदना निम्म्याने वा त्याहून अधिक उतरली होती. मिठाच्या पाण्याच्या गटात २० पैकी ३ जणांची. हे तिघे म्हणजे विश्वासाचे आणि निसर्गाचे फळ. उरलेला फरक तो औषधाचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८४ रोग्यांच्या परीक्षेत २५ एककांची लहान मात्राही ७५ एककांच्या जवळपास तितकीच उपयोगी दिसली. येथे 'एकक' म्हणजे उंदरांच्या समूहातील निम्मे दगावतील एवढे विष. शंभर एककांच्या कुपीत त्याचे वजन सुमारे पाच नॅनोग्राम भरते. नॅनोग्राम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तेव्हा वर सांगितलेल्या प्राणघातक मात्रेहून हे किती कमी आहे, याचा हिशेब गणिताच्या तासाला अवश्य करून पाहावा.

उपचाराची रीत साधी आहे. वेदना जेथे उठते त्या भागात, त्वचेखाली किंवा तोंडाच्या आतील अस्तराखाली, अगदी बारीक सुईने अनेक ठिकाणी थोडे थोडे औषध सोडतात. रुग्णालयात राहावे लागत नाही. गुण येण्यास काही दिवसांपासून दोन आठवडे लागतात आणि तो साधारणतः तीन महिने टिकतो. पुढे पुन्हा टोचावे लागते. क्वचित औषध शेजारच्या स्नायूत पसरून ओठाचा कोपरा झुकतो वा गाल सुजतो, परंतु दोर पुन्हा वळला जाताच तोंड सरळ होते. गरोदर स्त्रियांस आणि स्नायू दुबळे करणाऱ्या मायस्थेनियासारख्या रोगाच्या माणसांस ते सहसा देत नाहीत.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. तंतूवर टेकलेली धमनी याने दूर होत नाही. मूळ कारण तसेच राहते. सर्वांनाच गुण येतो असे नाही. झालेल्या परीक्षा लहान आहेत. अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने ज्या रोगांची नावे संमतीच्या यादीत घातली त्यांत हा रोग नाही. मज्जातज्ज्ञ स्वतःच्या जबाबदारीवर ते देतात. युरोपातील मज्जातज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात ते पहिल्या पंक्तीत न बसविता, मुख्य औषध अपुरे पडल्यास एकटे वा जोडीला द्यावयाच्या उपायांत घातले आहे. म्हणून आधी निदान, मग साधे औषध, आणि त्यानंतर हा विचार, असा क्रम पाळावा. सौंदर्यालयात वा स्वस्ताईच्या जाहिरातीला भुलून हे टोचून घेणे म्हणजे हलाहलाशी खेळ होय.

तीक्ष्ण विषही युक्तीने योजिले तर उत्तम औषध होते, हा विचार चरकसंहितेने फार पूर्वी मांडला आहे. परंतु 'युक्ती' हा लहानसा शब्द किती कष्टांनी भरलेला आहे, ते या कथेवरून दिसेल. त्यात एका कवीचे कुतूहल आहे, बेल्जियमच्या खेड्यातील तीन वादकांचे मरण आहे, प्रयोगशाळेतील जनावरांचे प्राण आहेत, आणि आपल्याला औषध मिळते की नुसते मिठाचे पाणी हे ठाऊक नसतानाही परीक्षेस उभे राहिलेल्या रोग्यांचा विश्वास आहे. विषाचे नाव ऐकून जो पळतो आणि औषधाचे नाव ऐकून जो डोळे मिटून धावतो, ते दोघेही या युक्तीपासून सारखेच दूर राहतात. किती, कोठे, कोणास आणि कशावरून, हे चार प्रश्न विचारण्याची सवय आमच्या विद्यार्थ्यांस लागो. आणि घरातील कोणी वडीलधारी व्यक्ती घास हातात घेऊन एकाएकी थांबली, तर तिच्या वेदनेला नेमके नाव मिळवून देण्याइतके लक्ष त्यांच्या अंगी येवो.